डेटा एंट्री ऑपरेटर, इयत्ता दहावी

म्हैसूरच्या ऐन बाजारपेठेतून सयाजीराव रोड जातो. दसऱ्याची हत्तीची मिरवणूक याच रस्त्याने निघते. नाव आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं. मराठी पर्यटक पाटी वाचतो, खूश होतो, अर्धा किलो म्हैसूरपाक बांधून घेतो आणि पुढे सरकतो.

पाटीवरच्या माणसाने शिक्षणात काय करून ठेवलं, हे त्याला कोण सांगणार?

१८९० मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन काढलं. सूत्रं त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे. रंगाई, विणकाम, छपाई अशा हातच्या विद्या तिथे शिकवल्या जात, आणि त्या लोकांच्या भाषेत शिकवाव्यात असा आग्रह होता. तिथेच एक मराठी तरुण छायाचित्रण आणि छपाईच्या खटपटी शिकला. धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला.

फाळक्यांच्या हातात ‘कॅमेरा ऑपरेटर’ असं प्रमाणपत्र देऊन त्यांना घरी धाडलं असतं तर?

आज आपण तेच करतोय. एनसीईआरटीने नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणासाठी काढलेल्या पुस्तकाचं नाव आहे ‘डोमेस्टिक डेटा एंट्री ऑपरेटर’. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात हे पुस्तक असतं. हिशेबनीस नाही, व्यापारी नाही, दुकानदार नाही. ऑपरेटर.

आत काय आहे? टायपिंग, पत्राचा मसुदा, तक्ते, स्लाइड. यात वाईट काहीच नाही. ही तर आज कुठल्याही व्यवसायाची पेन्सिल आहे.

पण पेन्सिल कशी धरायची याला आपण कधी व्यवसाय शिक्षण म्हटलं होतं?

एनसीईआरटीचा विषय निघाला की म्हैसूरला थांबावंच लागतं. १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. एकाच छपराखाली विज्ञान, वाणिज्य, शेती, तंत्रशिक्षण. मुलाचा कल बघायचा आणि त्याला त्या वाटेला लावायचं. शाळा निघाल्या, फलक लागले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हे सगळं शिकवणार कोण? म्हणून १९६३ मध्ये म्हैसूरला एनसीईआरटीचं रीजनल कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झालं. तशीच अजमेर, भोपाळ आणि भुवनेश्वरला.

आधी शाळा, मग शिक्षक. हा क्रम आपण अजून सोडलेला नाही.

कॉलेजला जोडून शाळा निघाली: डेमॉन्स्ट्रेशन मल्टिपर्पज स्कूल. कॉलेजचं नाव पुढे बदललं, आता ते रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे. शाळेच्या नावात ‘मल्टिपर्पज’ अजून आहे. देशभरच्या बाकीच्या बहुउद्देशीय शाळा मात्र काही वर्षांतच एकउद्देशी झाल्या.

उद्देश अर्थातच बोर्डाची परीक्षा.

मग १९६४ ते ६६ कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत खपलेला माणूस. शाळा आणि काम यांची गाठ घातलीच पाहिजे, हे या आयोगाचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी शिक्षणात आणलेली कल्पना तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. कार्यानुभव.

आठवतंय? खडू, कागदी फुलं, भिंतीवर लावायचे तोरणाचे मणी. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अकरा वाजता आई डिंक घेऊन बसायची. मार्क आपल्याला मिळायचे.

काम आईचं, अनुभव आईचा.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणाने आकडे दिले. उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं, २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत. १९९२ मध्ये धोरणाची फेरतपासणी झाली. टक्के तेच राहिले, वर्षं बदलली: १० टक्के १९९५ पर्यंत, २५ टक्के २००० पर्यंत. तेही हुकलं. २०२० चं धोरण म्हणालं, २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी.

निशाण हुकलं की आपण निशाणच मोठं करतो.

आता संगणक. शाळेत तो कधी आला? बहुतेकांना वाटतं २००० नंतर. नाही. १९८४-८५ मध्येच केंद्राने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला होता. यंत्रं ब्रिटनमधली, बीबीसी मायक्रो. अशी १२ हजार यंत्रं माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत वाटली गेली. स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. तरी मी म्हणेन, यंत्र वाईट नव्हतं. ब्रिटनमधल्या एका पिढीने त्याच यंत्रावर प्रोग्रॅम लिहायला शिकून पुढे उद्योग उभे केले.

मग आपल्याकडे काय अडलं?

सोबत आलेलं सॉफ्टवेअर ब्रिटिश शाळांच्या मापाचं होतं. शिक्षकांना जुजबी प्रशिक्षण मिळालं, आणि त्यांचा मूळ विषय आणि संगणक यांचा सांधा कोणी जोडून दिला नाही. गणिताच्या मास्तरांना यंत्र दिलं, गणित शिकवायला नव्हे, ‘संगणक’ शिकवायला.

तिथेच तो ‘विषय’ झाला. आणि शाळेत एखादी गोष्ट विषय झाली की तिची वही येते, जर्नल येतं, तोंडी परीक्षा येते. काम जातं.

आमच्या शाळेतही एक संगणकाची खोली होती. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, आत बोलायचं नाही. यंत्रावर भरतकाम केलेलं कापड. आठवड्यातून एक तास, एका यंत्रापुढे पाच जण. कळफलक पुढच्याचा, मागच्या चौघांना फक्त त्याची पाठ दिसायची. चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि मुख्याध्यापक अनेकदा जिल्ह्याला मीटिंगला. देवघराचे नियम कारखान्याला लावले की दुसरं काय होणार?

याच्या उलट तेव्हाचा टायपिंगचा क्लास आठवा.

गल्लीतली एक खोली, पत्र्याचं छत, आठ-दहा खडखडणारी यंत्रं. एका मुलीला एक यंत्र, रोज एक तास. ‘मराठी तीस, इंग्रजी चाळीस’ हे ध्येय तिला पहिल्या दिवसापासून माहीत. परीक्षा यंत्रावर, चूक झाली की मार्क गेले. कचेरीला काय हवं ते क्लासवाल्याला ठाऊक असायचं आणि तो तेवढंच, पण पक्कं द्यायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी त्या खोलीतून सरकारी नोकरीत पाय ठेवला. लाखोंची वातानुकूलित लॅब जे देत नाही ते त्या पत्र्याच्या खोलीने दिलं.

तिच्याकडे नेमकं काय होतं? यंत्राला एकच मालक आणि रोजचा सराव. एवढंच.

पुढे चला. कर्नाटकाने २००१ च्या सुमारास ‘माहिती सिंधू’ योजना आणली. एक हजार सरकारी हायस्कुलांत संगणक. यंत्रं खासगी कंपन्यांची, शिकवणाराही कंपनीचा, करार ठरावीक वर्षांचा. शाळेच्या शिक्षकाचं काम? खोली उघडून देणं.

करार संपला, कंपनी गेली. तिच्याबरोबर शिकवणाराही गेला.

आपण यातून शिकलो का? महाराष्ट्राने आयसीटी योजनेत तोच साचा उचलला. बांधा, चालवा, हस्तांतरित करा. रस्त्याचा पूल बांधायची पद्धत शाळेला लावली. मुदत संपली तेव्हा हस्तांतरित झाली ती जुनी यंत्रं. शिकवणारे तरुण-तरुणी आझाद मैदानावर जाऊन बसले.

पूल हस्तांतरित होतो. शिक्षक होत नाही.

केरळने त्याच सुमारास दुसरी वाट धरली. ‘आयटी अ‍ॅट स्कूल’. बाहेरचा माणूस आणला नाही. शाळेतल्याच गणिताच्या, विज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या शिक्षकांना तयार केलं. त्यांच्यातलेच काही जण इतरांचे शिक्षक झाले. सॉफ्टवेअर मुक्त, मल्याळममध्ये चालणारं. २००५ पासून दहावीच्या परीक्षेत संगणकाचं प्रात्यक्षिक आलं. २०१७ मध्ये प्रकल्पाची सरकारी कंपनी झाली, ती आजही काम करते आहे.

म्हैसूरहून केरळची हद्द गाडीने तीन तासांच्या आत येते. एवढं जवळचं उदाहरण बघायला शिष्टमंडळ सिंगापूरला का जातं?

कर्नाटकाची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यालाही लागू पडते. बारावीच्या पातळीवर तिथे ‘जॉब ओरिएंटेड कोर्स’ चालत. नावातच जॉब. ते शिकवणारे लोक वर्षानुवर्षं अर्धवेळ राहिले. शेवटी अभ्यासक्रम गुंडाळले गेले आणि या शिक्षकांना नोकरीत सामावून घ्यायला २०११ मध्ये खास कायदा करावा लागला.

मुलांना नोकरी लावायला निघालेल्या अभ्यासक्रमाने आधी आपल्या शिक्षकाला तरी पुरी नोकरी द्यायला हवी होती.

आता वाणिज्य शाखेकडे या. सगळ्यात जास्त राग मला इथे येतो.

महाराष्ट्रात बारावीचं पुस्तपालन आणि लेखाकर्माचं पुस्तक उघडा. भागीदारी, प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, विसर्जन, हुंडी, भाग. आणि अगदी शेवटी, दहाव्या क्रमांकावर, लेखांकनातला संगणक.

शेवटचा धडा म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला हवं? फेब्रुवारीत पोर्शन संपवताना जो ‘घरी वाचा’ म्हणून सुटतो तो.

आणि तो धडा वाचायचाच असतो. संगणकीय लेखांकनाचे फायदे लिहा. तोटे लिहा. फरक स्पष्ट करा. मुलगी पाठ करते, लिहिते, मार्क मिळवते. मग बारावी झाल्यावर त्याच गावातल्या क्लासला फी भरून टॅली शिकते.

शाळेने दोन वर्षं नेमकं काय शिकवलं?

टॅली कुठली? बंगळुरूची. १९८६ मध्ये गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेली. कापड गिरण्यांना माल पुरवणाऱ्या बापाला हिशेब ठेवायला सोपं साधन हवं होतं, मुलाने ते करून दिलं. यंत्र कामाच्या पोटातून जन्मलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यालाही रिटर्न भरायला संगणक लागला. धंद्याने वही कधीच मिटली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी अजून पेन्सिलने खतावणीचे रकाने आखतोय.

गैरसमज नको. कीर्द, खतावणी, तेरीज हाताने आलीच पाहिजेत. नावे कुठे आणि जमा कुठे हे ज्याला बोटांनी कळलेलं नाही, तो टॅलीतही गोंधळच घालेल. माझी मागणी साधी आहे. पहिल्या सहामाहीत हाताने, दुसऱ्या सहामाहीत तोच हिशेब यंत्रावर. त्याच तासाला, त्याच बाईंनी, त्याच विषयात. वेगळी खोली नको, वेगळं जर्नल नको, कंपनीचा माणूस तर मुळीच नको.

यात न जमण्यासारखं काय आहे?

‘बायफोकल’चं दुखणं आणखी वेगळं. महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या शेवटी द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आला तो मुलांना पोटापाण्याचं काही यावं म्हणून. आज संगणक बायफोकलचा वर्ग पाहा. २०० मार्कांचा विषय, टक्केवारीला हात देणारा. प्रवेश गुणवत्तेवर. वर्गात बहुतेक सगळे इंजिनिअरिंगला निघालेले. त्यांचा दोष नाही, जागा आहे तर ते घेणारच.

पण बारावीनंतर खरोखर कामाला लागणार आहे तो मुलगा कुठे आहे? तो त्या यादीतच नाही. व्यवसायाच्या विषयातून ज्याला व्यवसाय करायचाय तोच बाहेर राहिला.

पुन्हा म्हैसूर. शहराच्या एका टोकाला इन्फोसिसचं आवार आहे, तीनशेहून अधिक एकरांचं. नारायण मूर्ती याच शहरातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून १९६७ मध्ये पदवीधर झाले. कंपनीने इथे आपलं प्रशिक्षण केंद्र उभारलं, २००९ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. एका वेळी दहा हजारांहून जास्त नवे पदवीधर इथे राहून शिकू शकतात. वर्ग, वसतिगृहं, ग्रंथालय, खेळाची मैदानं. बघून डोळे दिपतात.

डोळे दिपले की एक प्रश्न विचारायचा राहून जातो. सोळा वर्षं शाळा-कॉलेजात काढलेल्या मुलांना कंपनीने पुन्हा महिनोन् महिने का शिकवावं लागतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच आवारातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते पास झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. त्यावर वाद झाला, तक्रारी सरकारदरबारी गेल्या. कंपनीचं बरोबर की मुलांचं, हा वाद घालणारे घालोत. मला त्या मुलांच्या आधीच्या सोळा वर्षांचा जाब हवाय. बाविसाव्या वर्षी तीन संधींत जे सिद्ध करायचं होतं, त्याचा पाया चौदाव्या वर्षी कोणी घातला होता का?

नव्हता. चौदाव्या वर्षी त्यांच्यापुढे फक्त पुढच्याची पाठ होती.

आणि आता नवी घाई. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचं केंद्राने जाहीर केलंय. यूडायस या केंद्राच्या शालेय माहितीसंग्रहातल्या २०२३-२४ च्या आकड्यांप्रमाणे देशात संगणक असलेल्या शाळा होत्या ५७.२ टक्के, इंटरनेट असलेल्या ५३.९ टक्के. म्हणजे दर पाच शाळांतल्या दोन शाळांत तेव्हा साधा संगणक नव्हता.

बरं, ही कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्यात आधी कोणाचं काम घेते आहे? कागदावरचे आकडे बघून रकान्यात भरणाऱ्याचं.

आणि दहावीच्या मुलीच्या दप्तरात आपण पुस्तक ठेवलंय ‘डेटा एंट्री ऑपरेटर’.

हाताला काम शिकवणं म्हैसूरला नवं नाही. सयाजीराव रोडवरच चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटची देखणी इमारत आहे. १९०६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली. लाकडावर, हस्तिदंतावर काम करणाऱ्यांना शिकवण्यासाठी ती उभी राहिली. आज तिथे सरकारी हस्तकलेचं दालन आहे. जिथे कारागीर घडायचे तिथे आता कारागिरी विकली जाते. पर्यटक चंदनाचा हत्ती घेतो, बिल संगणकावर निघतं.

ते बिल कसं बनतं, त्यातला कर कुठे जमा होतो, महिन्याअखेर त्याचं विवरण कसं भरतात, हे पलीकडच्या शाळेतल्या दहावीच्या मुलाला दाखवायला कितीसा खर्च येणार आहे?

रस्ता ओलांडला की देवराज मार्केट. मोगऱ्याचे ढीग, कुंकवाचे डोंगर, उदबत्त्या, विड्याची पानं. एवढा मोठा वाणिज्याचा वर्ग दुसरा कुठे मिळेल? एका फूलवाल्याकडे चार मुली आठवडाभर सकाळी बसू देत. किती मोगरा आला, किती भावाने आला, किती विकला, दुपारपर्यंत किती सुकला. शाळेत येऊन तक्त्यात भरू देत. शनिवारी त्यांनीच फूलवाल्याला सांगावं: गुरुवारी तुम्ही जास्त घेता, तिथे तुमचे पैसे जातात.

त्या मुलींना मग कोणी ऑपरेटर म्हणणार नाही. फूलवाला तर नक्कीच नाही.

आपल्याकडे लासलगावचा कांदा आहे, सांगलीची हळद आहे, इचलकरंजीचे माग आहेत, सोलापूरची चादर आहे. प्रत्येक बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर हायस्कूल आहे आणि त्या हायस्कुलात कुलूप लावलेली एक संगणकाची खोली आहे. दोघांची गाठ घालायला नवं धोरण लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. हळदीच्या सौद्याला गेलेली आणि टॅलीत नोंद करता येणारी वाणिज्याची एक शिक्षिका लागते. पूर्ण पगाराची, पुढच्या वर्षीही त्याच शाळेत असणारी.

असे शिक्षक घडवायलाच १९६३ मध्ये म्हैसूरला कॉलेज काढलं होतं. ते तिथल्या मानसगंगोत्री परिसरातच आहे. पत्ता बदललेला नाही.